दुर्बीण राहिली

"कालिंदी, माझी दुर्बीण राहिली गं," मामंजी होडीत एक पाय टाकून म्हणाले आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मामंजींकडे कुणी बघितलं नाही, हे लक्षात घ्या. दुर्बीण त्यांची, विसरले ते, पण बघायचं माझ्याकडे. मी एका हातात स्टोव्ह आणि दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी घेऊन गुडघाभर पाण्यात उभी होते. साडी भिजून पायांना चिकटली होती.

"खुंटीला असेल. तू काय, पळत जाशील," मंदावन्सं म्हणाल्या.

मी स्टोव्ह आणि तांदूळ त्यांच्या मांडीवर ठेवले. पुरुषांच्या होडीत मामंजींशेजारी आमचे हे बसले होते, विद्याधर. त्यांनी उठल्यासारखं केलं आणि मामंजींनी "तू बस रे, होडी हलते" म्हटल्यावर पुन्हा बसले. हे असं उठल्यासारखं करणं त्यांना फार छान जमायचं.

मी मागे वळले आणि माडांतून धावत सुटले.

ही आमची सहल होती बरं का. हवापालट! सिंधुदुर्गात, एका खाडीच्या तोंडाशी, समुद्र आणि खाडीच्या मध्ये वाळूची तीन लांबट बेटं ओळीनं पडली आहेत. तिथं बेटाला जुवा म्हणतात. थोरला जुवा, मधला जुवा, धाकटा जुवा. थोरल्यावर डच लोकांच्या वखारीची पडकी भिंत आहे, समोरच्या खडकांवर समुद्री गरुडाचं घरटं आहे, हिवाळ्यात वाळूत कासवं अंडी घालायला येतात. मामंजी इतिहासाचे निवृत्त मास्तर आणि हल्ली त्यांना पक्ष्यांचा नाद लागलेला. नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी जायचं ठरलं. दाजी तारी नावाच्या गाबिताच्या, म्हणजे तिथल्या मच्छीमाराच्या, घरातल्या पुढच्या दोन खोल्या मिळाल्या. स्वयंपाक आपला आपण करायचा. आपण म्हणजे कोण, ते सांगायला नको.

मी तेव्हा सांगलीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. चौऱ्याऐंशी साल असेल. कानाला हेडफोन लावला की आठ तास मला कुणी "चहा टाक" म्हणू शकत नसे. साताऱ्याला जोडून दे, मुंबईला जोडून दे, "हॅलो, बोला, तुमची लाइन लागली." लोक रडायचे, भांडायचे, बाळ झालं म्हणून ओरडायचे आणि मी मध्ये बसून हे सगळं जोडत असायची. मला ते काम फार आवडायचं.

जुव्यावर पोचलो त्याच संध्याकाळी दाजीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, मामंजींनी विषय काढला.

"कालिंदी, तुझ्या सासूच्या गुडघ्यांनी आता उत्तर दिलंय. मंदा शाळेच्या ऑफिसात, घरी कुणीच नाही. आम्ही सगळ्यांनी विचार केलाय. सुट्टीवरून गेलीस की सोमवारी राजीनामा देऊन मोकळी हो."

सगळ्यांनी! त्या सगळ्यांत मी नव्हते. मी विद्याधरांकडे बघितलं. ते वाळूतल्या एका खेकड्याकडे बघत होते.

"विचार करून सांगते," मी म्हटलं.

"कर की विचार. चार दिवस आहेत," मामंजी प्रेमानं म्हणाले. खोटं नाही सांगत, प्रेमानंच म्हणाले. तीच तर अडचण होती. घरात कुणी ओरडलं असतं, हात उगारला असता, तर भांडता आलं असतं. इथं सगळे गोड बोलायचे. दुसऱ्या दिवशी सासूबाई आमटी ढवळता ढवळता म्हणाल्या, "मी नाही का चाळीस वर्षं केलं." वन्सं म्हणाल्या, "तुला काय कमी आहे घरात?" मामंजींनी वखारीपाशी नेऊन डच व्यापाऱ्यांवर तासभर व्याख्यान दिलं, मी पाण्याची बाटली धरून उभी, आणि शेवटी म्हणाले, "मग, झाला विचार?" चहूबाजूंनी पाणी. रुसून माहेरी जावं म्हटलं तर एस्टी नाही आणि होडी दाजीच्या मर्जीवर. मी पहाटे उठून नुसती धक्क्यावर जाऊन बसायची आणि परत येऊन चूल पेटवायची. सोमवारी माझी सही होणार, हे माझ्याखेरीज सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मलाही ते ठाऊक व्हायला लागलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी देवीचा हुकूम झाला.

दाजी धावत आला. "मास्तरांनू, सामान बांधा. पावणाईचो कौल झालो. गावपळण!"

गावपळण म्हणजे काय, ते मामंजींना ठाऊक होतं, त्यांनी आनंदानं समजावलं. काही वर्षांनी एकदा देवी कौल देते आणि अख्ख्या गावानं घरंदारं टाकून वेशीबाहेर जायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी बाहेर. तीन दिवस झावळ्यांच्या मांडवांत राहायचं. मग पुन्हा कौल लावायचा, देवीनं परवानगी दिली की परत यायचं. इथं वेस म्हणजे पाणी, म्हणून सगळा गाव शेजारच्या मधल्या जुव्यावर जायचा.

"बंदुकीचो बार झालो काय एक चिटपाखरू मागे रवाचा नाय," दाजी म्हणाला. "आणि मागे वळान बघूचा नाय. कोण रवलो तर पळण मोडली. मगे सगळ्या गावान पयल्यापासून करूची, आणि ज्याच्यामुळे मोडली त्याका गाव सोडणा नाय."

म्हणून मी धावत होते. खोलीत गेले, खुंटीवर दुर्बीण नव्हती. गादीखाली नव्हती. शेवटी संडासाच्या खिडकीत सापडली. तिथून मामंजी सकाळी गरुड बघत असत. दुर्बीण गळ्यात अडकवली, दाराबाहेर आले आणि धडाड्‌दिशी बार झाला. माडांवरचे कावळे एकदम उठले.

धक्क्यावर पोचले तेव्हा सगळ्या होड्या पाण्यात मध्यावर गेलेल्या.

"अहो! अहो, थांबा! वन्सं!"

कुणी वळून बघेना. बघायचंच नव्हतं ना! दोनेकशे माणसांच्या पाठी माझ्याकडे, शेळ्या बें-बें करताहेत, ढोल वाजतोय. मी घसा फाटेस्तोवर ओरडले. मग वाळूत बसले आणि हमसून हमसून रडले. बाईला विसरतात कसे, सांगा! नंतर कळलं, बायकांच्या होडीत वन्संना वाटलं मी परत येऊन नवऱ्याशेजारी बसले असेन आणि ह्यांना वाटलं मी बायकांत असेन. दोन्हीकडे माझी जागा होती म्हणून मी कुठंच नव्हते.

रडून झाल्यावर गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली. पलीकडे सगळे उतरत होते. सासूबाई इकडेतिकडे बघताहेत. वन्सं विद्याधरांना काहीतरी विचारताहेत. मग तिघंही एकदम इकडे वळले. मामंजी तावातावानं दाजीला बोलू लागले, तर दाजीनं पुढं होऊन चक्क त्यांच्या तोंडावर हात ठेवला! मग हात जोडले. मामंजींच्या तोंडावर हात ठेवलेला मी जन्मात बघितला नव्हता. रडताना मला हसू आलं.

विद्याधर पाण्याच्या कडेला आले आणि दोन्ही हातांनी खूण केली. बस, बस, तिथंच बस. मग दाजीनं त्यांना दंडाला धरून मांडवांकडे नेलं. मला सगळा उलगडा झाला. मी मागे राहिल्याचं कळलं तर अख्खा गाव त्यांच्या अंगावर येणार. तेव्हा मी मागे राहिलेली नाहीच, असं ठरलं होतं.

ऊन कलायला लागलं तशी मला भीती वाटायला लागली. रिकामं गाव कधी बघितलंय तुम्ही? घराघराची दारं ओढलेली, दोरीवर एखादा परकर तसाच वाळत टाकलेला आणि आवाज म्हणाल तर फक्त समुद्राचा. एका दारामागं काहीतरी खुडबुडलं, तशी मी देवाचं नाव घेत पळत दाजीच्या घरापर्यंत आले आणि बघते तर काय, घराच्या मागच्या बाजूनं धूर येतोय.

गावपळणीत देवी आणि भुतं गावात फिरतात, असं दाजीची बायको सामान बांधतानाच सांगत होती. पण भुतं बांगडा तळत नाहीत. वास स्पष्ट येत होता.

स्वयंपाकघरात चुलीपुढं दाजीची म्हातारी आई पाय पसरून बसली होती. भागीआये. तीन दिवस ती मला नुसती दिसत होती. कोपऱ्यात बसून नातवंडांना भरवणारी, सुनेनं सांगितलेलं ऐकणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता तिनं केस मोकळे सोडले होते आणि ताटात बांगड्याचा मधला तुकडा घेतला होता.

"कोण गो ता?" ती दचकून म्हणाली. मग मला बघून, "अरे देवा! पावणीन! तू रवलंस कशी?"

"दुर्बीण आणायला आले होते. आणि तुम्ही?"

"माका इचारू नको."

मी दारातच उभी. ती माझ्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. शेवटी तिनं तव्यावरचा दुसरा बांगडा उलटला.

"मासो खातंस?"

"खाते."

"मगे बस. आणि ऐक. मी तुका बगूक नाय, तू माका बगूक नाय. कळला?"

माहेरी आम्ही मासे खायचो, सासरी शिवायचं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मी बांगडा खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं हो, तिखटानं नाही. भूक भागली तशी मी विचारलं, "आये, तुम्हाला शोधणार नाहीत?"

"कोण सोधतलो? थोरल्याक वाटता आवस धाकट्याच्या मांडवात आसा. धाकट्याक वाटता थोरल्याकडे आसा. दर पळणीक मी अशीच रवतंय. घो मेलो तेव्हापासून."

"का पण?"

तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि सगळ्या घरावरून नजर फिरवली.

"ह्या घरात मी लगीन होवन इलंय तेवा सासू, दोन जावा, नणंदा. मगे पोरां. मगे सुना. आता नातवंडां नि तुमच्यासारखी पावणी. माजी झोपूची जागा धा वेळा बदलली. आता पडवीत झोपतंय, तांदळाच्या पोत्याकडे. पळण इली काय तीन दिस घर माजा. मधोमध झोपतंय. व्हया ता रांदतंय. नको तर रांदूकच नाय."

"आणि देवीचा कोप?"

"देवीक ठावक आसा. ती पण बाईमाणूसच मा? तिका पण मधीच कधीतरी घर रिकामा व्हया आसतला."

मी इतकी हसले, इतकी हसले की मला ठसका लागला. ती मात्र गंभीर होती.

संध्याकाळी तिनं मला कामाला हात लावू दिला नाही. "तू कित्याक उठतंस? कोण बोलावता तुका?" खरंच की, कुणी बोलावत नव्हतं. तरी दिवेलागणीला माझा जीव कासावीस व्हायला लागला. सोमवारचं सगळं तिला सांगून टाकलं. टेलिफोन, राजीनामा, सासूबाईंचे गुडघे. तिनं ऐकून घेतलं. सल्लाबिल्ला काही दिला नाही.

"तुका जावचा आसात तर उद्या जा," एवढंच म्हणाली.

"कशी? होडी कुठं आहे?"

"होडी कित्याक व्हयी? सकाळी सुकती लागली काय त्या सुरूच्या बनाकडसून चालत जा. कमरेइतक्या पाणी आसता, पुढे ढोपराभर. आमी बायका थंय मुळे, तुमी म्हणतास ते शिंपले, काढूक जातंव. मी पण परवा पहाटे तशीच जातलंय, कोण उठूच्या आदी. पण तू गेलंस तर माजा नाव काढू नको."

म्हणजे मी अडकलेली नव्हतेच! कमरेएवढं पाणी ओलांडलं की पलीकडे. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. उलट छातीत धस्स झालं. रात्री भागीआये माजघरात मधोमध हातपाय पसरून घोरत होती आणि मी कड बदलत होते.

सकाळी ओहोटी लागल्यावर सुरूच्या बनापाशी गेले. पाणी खरंच उतरलं होतं, खालची वाळू दिसत होती. चपला हातात घेतल्या, पदर खोचला. पाण्यात शिरले. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. थंडगार पाणी. तिथं पाण्यात वाकलेली एक खारफुटी होती, तिच्या आड थांबून म्हटलं, एकदा बघून तर घ्यावं पलीकडे काय चाललंय. दुर्बीण लावली.

मामंजी नेहमी सांगायचे, निरीक्षण करायचं तर पक्ष्याला आपण आहोत हे कळता कामा नये. मी तशीच बघत होते. वन्सं स्टोव्हला पंप मारत होत्या आणि तो पेटत नव्हता. त्याची पिन मलाच मारता यायची. मग सासूबाई पुढं झाल्या, स्टोव्ह बाजूला सारला आणि तीन दगड मांडून फुंकर घालू लागल्या. गुडघ्यांवर हात ठेवून नाही, चक्क उकिडव्या बसून. मामंजी हातात रिकामा कप घेऊन उभे. पक्षी म्हणून बघितलं तर तो एकच पक्षी काही करत नव्हता.

आणि विद्याधर पाण्याच्या कडेला उभे होते. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली. रात्रभर झोपले नसावेत. माझ्याच बाजूला बघत होते. एकदम त्यांनी पँट वर दुमडली आणि पाण्यात पाय टाकला.

त्यांना पोहता येत नव्हतं. घोट्यापर्यंत आले. गुडघ्यापर्यंत आले. या, या, मी मनात म्हणत होते, आणखी थोडं या, तिथं उथळ आहे, कमरेच्या वर पाणी नाही हो, या ना! ते पुढं आले असते ना, तर मी धावत गेले असते. राजीनामासुद्धा दिला असता कदाचित. खरंच सांगते.

मागून मामंजींनी हाक मारली असावी. ऐकू आलं नाही, पण त्यांचा कप वर झालेला दिसला. विद्याधर थांबले. मागे बघितलं, पुढं बघितलं. मग वळले आणि परत गेले. सासूबाईंनी त्यांच्या हातात चहा दिला.

मग मीही वळले.

भागीआये खळ्यात उन्हात बसून केस विंचरत होती. माझी ओली साडी बघितली आणि पुन्हा केस विंचरू लागली.

त्या दिवशी मी एकटी वखारीवर गेले. दोन दिवसांपूर्वी व्याख्यानाच्या वेळी मला तिथं फक्त बाटली दिसली होती. आता बघितलं, भिंतीत समुद्राच्या बाजूला एक रुंद खिडकी आहे आणि तिच्या दगडात बसायला कोनाडा केलाय. कुणीतरी आपल्या गावापासून इतकं लांब येऊन इथं बसून समुद्राकडे बघत असेल. त्यालाही होडी कुणाच्या तरी मर्जीवरच मिळत असणार. मी कोनाड्यात बसून शहाळं प्यायले आणि समोरच्या खडकावर गरुडाची मादी पिल्लाला भरवून उडून गेली, तेही बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काही न करता इतका वेळ बसले असेन. मधूनच आठवायचं, की सोमवार आहेच. बेट रिकामं झालं म्हणून सोमवार थोडाच टळतो! चार भिंतींत परत जायचंच होतं. पण आता डोकं शांत होतं, आणि काय बोलायचं ते वाक्य मी तिथं बसून मोठ्यांदा म्हणून बघितलं. ऐकायला कुणी नव्हतं. पुन्हा म्हटलं.

शेवटच्या पहाटे भागीआये निघाली. वाळूवर एक कासवीण अंडी घालून पाण्याकडे परत चालली होती, फरफटत, वाळूत दोन बाजूंना रेघोट्या ओढत. "बग," भागीआये म्हणाली, "काम झाला, चलली. हिका कोण म्हणणा नाय, बस, चाय कर." आणि डोक्यावर गाठोडं ठेवून ती स्वतःही पाण्यात शिरली. जाताना म्हणाली, "येतंस?"

"नाही," मी म्हटलं.

मी दुर्बिणीतून बघत राहिले. ती पलीकडे पोचली, लुगडं पिळलं आणि मांडवांच्या मागून येऊन चुलीपुढं बसली. थोरल्या सुनेनं उठून तिला चहा दिला. कुणीही काही विचारलं नाही.

दुपारी कौल झाला, ढोल वाजले आणि गाव परत आला. मी दाजीच्या खोलीत लपून बसले होते, गर्दी आत आल्यावर त्यातच मिसळले. विद्याधरांनी मला बघितलं आणि सगळ्यांसमोर माझा हात धरला. त्या काळात हे फार होतं. सासूबाईंनी "खाल्लंस का गं काही?" म्हणून तोंडावरून हात फिरवला. त्यांच्या बोटांना धुराचा वास येत होता.

सगळे माजघरात टेकले. दाजीनं दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन हात जोडले.

"वैनी, माफ करा. माजोच गुन्हो. गाव उठला आसता म्हणान मी बोलूक नाय. नायतर सुकतीक सुरूच्या बनाकडसून तुमका चालत येवक जमला आसता. कमरेइतक्याच पाणी."

मामंजींच्या हातातला पेला थांबला.

"म्हणजे चालत येता येत होतं?"

"व्हय. रोज सकाळी."

"अरे, मग मला सांगायचं नाहीस? मी खुणेनं हिला सांगितलं असतं! पोर तीन दिवस इथं एकटी घाबरून… हिला काय माहीत बिचारीला!"

"माहीत होतं मला," मी म्हटलं.

कोपऱ्यात भागीआये सुपारी कातरत होती, तिचा अडकित्ता थांबला.

"काय म्हणालीस?" वन्सं म्हणाल्या.

"पाणी कमरेएवढं आहे, हे मला पहिल्याच सकाळी माहीत होतं."

"कुणी सांगितलं?" मामंजींचा आवाज चढला.

"दुर्बिणीतून दिसलं. तिकडच्या बायका ढोपरभर पाण्यात मुळे काढत होत्या." अडकित्ता पुन्हा चालू झाला. "मी गेलेही होते पाण्यात. मग परत आले."

"परत आलीस? का?"

मी विद्याधरांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. खेकडाबिकडा काही नव्हता तिथं.

"मीही आलो होतो पाण्यात," ते हळू म्हणाले. "गुडघ्यापर्यंत."

"बघितलं मी."

त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं उगाच बोलले. पण बोलले ते बोलले. मग वखारीच्या खिडकीत बसून पाठ केलेलं वाक्य मी म्हटलं, "मामंजी, विचार झाला. मी सोमवारी राजीनामा देणार नाही. सोमवारी मला सकाळची ड्युटी आहे."

"आणि घर? घर कोण बघणार?"

"तीन दिवस कोण उपाशी राहिलं?"

मामंजींनी विद्याधरांकडे बघितलं. "ऐकतोयस ना?"

विद्याधर उठले. उठल्यासारखं केलं नाही, उठले. "ऐकतोय, अण्णा. नाही देणार ती. सकाळचा चहा मी करीन."

"तू? तुला स्टोव्ह तरी पेटवता येतो का?"

"शिकेन."

मामंजी रागानं पाय आपटत धक्क्याकडे गेले. जाताना दुर्बीण न्यायची राहिली, ती माझ्याच गळ्यात होती. नंतर सांगलीला महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि विद्याधरांनी केलेला चहा रोज निमूट प्यायले. मी तिथूनच रिटायर झाले, पण ते सगळं पुढचं.

त्या दुपारी होडी लागली तेव्हा सामान घेऊन आम्ही निघालो. सासूबाई मागे रेंगाळल्या. राजीनाम्यावरून त्या माझ्याशी काय बोलणार, ओरडणार की रडणार, मला काही अंदाज नव्हता. त्या भागीआयेपाशी गेल्या, तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "काय हो, ही तुमची गावपळण पुन्हा कधी असते?"

भागीआयेनं त्यांना वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं.

"देवीच्या मनात येयत तेवा," ती म्हणाली. "तुमी येवा. येताना दुर्बीण मातर घेवन येवा."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि गुडघ्यावर हात न ठेवता उठल्या.